कापितानचा शिजवलेला घास

साता मावशी, गावाची सातुर्निना, कुणाचं ऐकून घेत नाही, हे आमच्या पठारावरच्या अल्पाकांच्या पिल्लांनाही ठाऊक आहे. मी तर तिचा सख्खा भाचा. तिचा कळप मोठा, आवाज त्याहून मोठा. सांतियागोच्या सणाला गावजेवणाचं मांस तिच्या घरचं, हा तिच्या आजीपासूनचा मान. एका सणाला तोच गेला.

त्या दिवशी मांस कापायला शेजारची फोर्तुनाता बसली होती. तिने सगळ्यांदेखत एक तुकडा वर धरला. आत पांढरे दाणे, थेट तांदळासारखे.

"सातुर्निना, भात वेगळा वाढतात गं बाई! मांसातच कालवून आणलास होय?"

गाव हसलं. मावशी धुमसतच घरी आली. "दृष्ट लागलीय," म्हणाली. धरित्रीला कोकाची पानं वाहिली, मक्याची दारू शिंपडली. पुढच्या अल्पाकाच्या गळ्यातही तोच भात! सणाचं मांस फोर्तुनाताकडून येऊ लागलं आणि मावशीने त्या जेवणाला जाणंच सोडलं.

शेवटी जनावरांची डॉक्टरीण मार्लेनी आली. तिने दाणे पाहिले, मग दारात लोळणाऱ्या कापितानकडे, मावशीच्या कुत्र्याकडे, पाहिलं.

"मावशी, ह्याला काय घालता?"

"जनावर कापलं की गळा पहिला ह्याचा. कच्चा. रक्ताची चव लागली तरच कोल्ह्याच्या अंगावर जातो. रीतच आहे आमची."

"मग हा रोग तुम्हीच पेरताय. दाणे कुत्र्याच्या पोटात, तिथून त्याच्या घाणीतून गवतावर, गवत अल्पाकांच्या पोटात. ह्याचा घास शिजवून घाला, चांगला मऊ होईस्तोवर."

"कुत्र्याला शिजवून? म्हणजे मी आता ह्याची आचारीण?"

डॉक्टरिणीला तिने चहाही न देता वाटेला लावलं. पण पुढचं जनावर कापलं तेव्हा लेंड्यांच्या जाळावर पातेलं चढलं. तेओदोसियो काका ताट घेऊन बसले.

"थांबा, आधी त्याचं होऊ दे," मावशी म्हणाली.

"लग्न झाल्यापासून माझी एवढी बडदास्त ठेवली नाहीस."

"तुम्ही कोल्हे हाकलून दाखवा, ठेवते."

जुन्या जनावरांतला भात काही गेला नाही. नवी पिल्लं मोठी होईपर्यंत थांबणं भाग होतं. थांबणं मावशीच्या रक्तात नाही, तरी ती थांबली. तोवर कापितानच्या तोंडावर पांढरे केस आले. यंदाच्या सणाला मात्र ती कुणाला न विचारता एक तरणं जनावर घेऊन चर्चसमोर हजर झाली. मागोमाग कापितान.

फोर्तुनाताने गळा चिरला, चष्मा चढवला, तुकडा उन्हात धरला. मावशीला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय गं, चष्मा पुसून देऊ?" मावशी म्हणाली.

"गप. शोधतेय." तिने तुकडा उलटापालटा केला. "नाहीये मेला एकही!"

आणि जुन्या सवयीने तिने तो कच्चाच कापितानपुढे टाकला. मावशी किंचाळली. कापितानने तुकडा हुंगला, फोर्तुनाताने दगड वाढल्यासारखं तिच्याकडे पाहिलं आणि गावजेवणाच्या रिकाम्या पातेल्याशेजारी जाऊन बसला.

"बिघडवलंस त्याला," काका म्हणाले.

फोर्तुनाताला हसू आवरेना. तिने तुकडा उचलून धुतला, पातेल्यात टाकला. "ये सातुर्निना, जाळ तूच पेटव."

मावशी सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. मग शालीने डोळे पुसत, ताटं घेऊन उभ्या असलेल्या अख्ख्या गावावर ओरडली, "थांबा रे, आधी त्याचं होऊ दे!"