मले

झाडीपट्टीच्या नाटकांत नटांना वाक्यं पुरवणारा एक प्रॉम्प्टर माझ्या ओळखीचा आहे. तो चहासुद्धा कुजबुजतच मागतो. आपल्याकडच्या एका लाजऱ्या पोरावरचा सिनेमा आला म्हणून आम्ही दोघं हौसेनं वडशाच्या टॉकीजमध्ये गेलो. सिनेमा कसला, टिंगल होती! पोरगं 'मले' म्हणालं की हशा. शेवटी ते माइकसमोर अडखळलं, तेव्हा याचे ओठ सवयीनं हलले, "मले... मले..."

पोरगं ठणकावून म्हणालं, "मला!" झालं, पोरगं मोठं झालं! टाळ्या.

हा ताडकन उभा राहून ओरडला, "मले म्हण ना बे! काऊन लाजून राह्यला?"

अख्खी टॉकीज त्याला हसली. त्यात घरी 'मला' म्हणणारा एकही नव्हता.