सरांनी तपासलेला मृत्युलेख

वर्तमानपत्रात मोठ्या माणसांचे मृत्युलेख ती माणसं हयात असतानाच लिहून ठेवतात. बाहेरच्यांना हे अघोरी वाटतं, आम्हाला ते रोजचंच काम. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या हिंदी दैनिकात मला माझ्याच सरांचा मृत्युलेख तयार ठेवायला सांगितलं, तेव्हा जयपूरच्या झालाना भागातल्या त्या ऑफिसातून उठून सरळ घरी जावंसं वाटलं.

सर म्हणजे आमचे माजी संपादक. मूळचे भुसावळचे. रेल्वेतल्या वडिलांच्या बदलीमुळे जयपूरला आले आणि हिंदी पत्रकारितेत इथलेच होऊन गेले. मला बातमी लिहायला त्यांनी शिकवलं. पण तरुणपणी त्यांनी मराठीत एक कादंबरी लिहिली होती. ती वाचली म्हणून मीही कादंबरी लिहायच्या नादी लागले आणि एक लिहूनही झाली. जयपुरात ती वाचलेलं दुसरं कुणी मला आजवर भेटलेलं नाही.

सरांचं डायलिसिस सुरू होतं. ऑफिसातल्या कुणीतरी आगाऊपणा करून मृत्युलेखाचं त्यांच्या कानावर घातलं आणि त्यांचा फोन आला. "लिहिलास ना? घेऊन ये. चुका राहायला नकोत."

मी मालवीय नगरला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला आणि माझ्या हातातल्या कागदांकडे न बघता त्या आत गेल्या. सरांनी चष्मा लावला, लाल पेन उघडलं. मी जवळजवळ निम्मा मजकूर त्या कादंबरीवर लिहिला होता. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि अख्खा खोडला.

माझ्या डोक्यात सणक गेली. "सर, हे काय? तुमचं सगळ्यात चांगलं काम आहे ते!"

"असेल. पण इथल्या वाचकाला त्याचं काय? मतलब, त्यानं तिचं नावही ऐकलेलं नाही."

"म्हणून तर सांगायचं ना!"

"अगं, मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात. त्यातलंच एक वाटेल. दुसरी लिहिली असती तर गोष्ट वेगळी." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "रोज वाटायचं, उद्या बसू. आणि रोज पेपर काढायचा असायचा."

मला रडू येत होतं, त्यांचा रागही येत होता. शिवाय भीती वाटत होती, कारण माझीही दुसरी कादंबरी अशीच उद्यावर पडलेली आहे.

काकू दारापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "कादंबरीचं ते ठेवशील ना गं? मुलांना मराठी धड वाचता येत नाही. बाबांनी काय लिहिलं होतं, ते हिंदीतून तरी कळू दे त्यांना."

ऑफिसात येऊन मी खोडलेला मजकूर जसाच्या तसा परत घातला. सरांनी तपासलेल्या कॉपीत त्याआधी मी कधी कानामात्राही बदलली नव्हती.

सर अजून आहेत. भेटायला गेले की विचारतात, "तेवढं काढलंस ना?" मी हो म्हणते. एक दिवस सकाळी तो मजकूर छापून येईल. तेव्हा काकू वाचतील, मुलं वाचतील. फक्त पेपर हातात धरून मला फोनवर झापायला सर नसतील.