जॅझचा कान

डोंबिवलीत आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली काम करत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी साहेब विलायतेला परतला, तेव्हा विजेवर चालणारा ग्रामोफोन आणि एका जॅझ गायिकेची मोठी रेकॉर्ड त्यांना देऊन गेला. तेव्हापासून दर रविवारी ते आम्हा शेजाऱ्यांना ती ऐकायला बोलावत. बाईचा आवाज दाट, गाणी संथ आणि विरहाची. पण हे गृहस्थ ऐकू देतील तर ना. प्रत्येक गाण्याआधी बोट वर करून सांगत, "नीट लक्ष द्या हं. ह्याला कान लागतो. तुमची नाट्यगीतं नव्हेत ही." मग डोळे मिटून मान डोलवत, तीही ताल सोडून.

एकदा गाणं चालू असताना आतून दुसरा आवाज आला. त्यांची बायको पोळ्या लाटता लाटता तेच गाणं गुणगुणत होती. शब्द नव्हते, पण सूर चोख होता. ओळीच्या शेवटी गायिका जशी रेंगाळे, तशीच तीही रेंगाळली. आम्ही सगळे आत बघू लागलो.

मी म्हटलं, "वहिनी, बाहेर येऊन म्हणा की."

गृहस्थांनी सुई उचलली. "तिला काय कळतंय त्यातलं," ते हसून म्हणाले आणि आत ओरडले, "अगं, चहा टाक."

आतलं गुणगुणणं थांबलं. मी चहा न घेताच उठलो, तो पुन्हा त्यांच्याकडे गेलो नाही. रविवारी भिंतीपलीकडून ती गायिका ऐकू येई, एकटीच.