वरचा आणि खालचा

माझा दादा सव्वीस वर्षं एका माणसाशी रोज आठ तास बोलला, आणि त्या माणसाचं नाव त्याला माहीत नव्हतं. हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडेच बघतात, जसं काही माझंच डोकं फिरलंय. मी आपली धाकटी बहीण. रोज डबा पोचवते आणि दोन शब्द सुनावून येते. ऐकतो कोण म्हणा! दोन्ही कान कारखान्यात अर्धे झाले त्याचे, ओरडलं तरच ऐकू येतं.

आता जिथे बाग आहे ना, तिथे लोखंडाचा कारखाना होता. तीन भट्ट्या. दोरीवर वाळत घातलेले कपडे आत घेताना आम्ही आधी झटकायचो, नाहीतर काजळी घरात. दादा तिथे क्रेनवर होता. चार मजले उंचीवर पत्र्याची केबिन, आणि खाली साखळीला वितळलेल्या लोखंडाची बादली. बादली कसली, त्यात अख्खी बैलगाडी मावली असती. ती कुठे न्यायची, किती उतरवायची, हे वरून नीट दिसायचं नाही. आवाज तर असा की कानाशी बोंबललं तरी ऐकू येऊ नये. म्हणून खाली एक माणूस उभा असायचा आणि हातांनी सांगायचा. त्याला सगळा कारखाना ‘खालचा’ म्हणायचा आणि दादाला ‘वरचा’.

बोट वर करून फिरवलं की उचल. तळवा खाली दाबला की हळू सोड. मूठ म्हणजे थांब. दादानं वरून हात बाजूला झटकला की सरक तिथून, ओझ्याखाली उभं राहू नये. एवढ्या कामाच्या खुणा. पण माणसं ती, आठ तास नुसतं काम थोडंच बोलतात? पोटावरून हात फिरवला की भूक लागली. कानाची पाळी ओढली की साहेब येतोय, शहाण्यासारखा वाग. साहेबाच्या चालण्याची तर दोघं अशी नक्कल करायचे म्हणे, की दादा वर एकटाच खो-खो हसत बसायचा.

“अरे पण नाव?” मी विचारायची.

“नाव हातानं कसं विचारणार?”

“मग तोंड कशाला दिलंय देवानं?”

खरं म्हणजे त्यांची गाठच पडायची नाही. दादा भोंग्याआधी शिडी चढायचा, जेवणाचा डबा दोरीनं वर ओढून घ्यायचा, आणि क्रेन जागेवर लावून उतरेपर्यंत खालची माणसं घरी गेलेली असायची. आज विचारू, उद्या विचारू. उद्या काय, रोजच येतो की!

वहिनी गेली तेव्हा दादा पाचव्या दिवशी कामावर गेला. खालच्याला कुणीतरी सांगितलं असणार. त्यानं वर बघितलं, तळवा छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग खूण केली, हळू. त्या दिवशी एकही बादली त्यानं घाईनं उचलायला लावली नाही. घरी आम्ही सगळे दादाशी बोलून बोलून थकलो होतो, पण त्याला धीर आला तो त्या एका हातानं. मला तेव्हा रागच आला होता, खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी फाटकाला कुलूप आणि कागद. कारखाना बंद. कुणाचा निरोप घ्यायचा राहिला, कुणाचं काय. अकरा वर्षं तिथे गंज चढला आणि झुडपं वाढली. नंतर पालिकेनं मनावर घेतलं. काळी माती माणूसभर खोल खणून नेली, नवी आणून टाकली, वर गवत लावलं. एक भट्टी कठडा घालून ठेवली. क्रेनला पिवळा रंग दिला, जिना लावला, आणि दादाच्या केबिनमध्ये पाटी ठोकली: ‘खिडकीबाहेर वाकू नये.’

बागेत जुन्या कामगारांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं. हजेरीची बुकं कधीच रद्दीत गेलेली, म्हणून महिनाअखेरपर्यंत ज्यानं त्यानं येऊन नाव सांगायचं होतं. दादा मला घेऊन बागेच्या ऑफिसात गेला.

“आधी खालच्याचं लिहा, मग माझं,” म्हणाला.

“काय नाव त्यांचं?” तिथल्या बाईंनी विचारलं.

“खालचा.”

मी कपाळावर हात मारला. बाई बिचाऱ्या चांगल्या. म्हणाल्या, शोधा, महिना आहे अजून.

शोधणार कुठे? दादानं आपला मार्ग काढला. दर रविवारी गुडघे धरत चौऱ्याऐंशी पायऱ्या चढायचा आणि केबिनच्या खिडकीतून हात बाहेर काढून बोट फिरवायचा. बागेतल्या माणसांना वाटायचं, आजोबा टाटा करतायत. तीही हात हलवायची. मी खाली बाकावर बसून शरमेनं अर्धी व्हायची. पण ओरडायचं तरी कुणावर? त्याच्या खोलीत एक खुर्ची, एक ताट, एक पेला. एकदा डबा घेऊन गेले तर हा जेवता जेवता एकटाच हात हलवत होता. पेल्याला सांगत होता, हळू सोड. मी तशीच मागे फिरले आणि जिन्यात बसून रडले.

चौथ्या, शेवटच्या रविवारी एक म्हातारा काठी टेकत आला, बरोबर नात. गवतावर एका जागी थांबला, काठी नातीच्या हातात दिली आणि मूठ वर केली.

दादा असा उतरला की मला वाटलं, पडतोय आता. दोघं माझ्या बाकावर येऊन बसले.

“बरंय ना?” दादा.

“बरंय. तुझं?”

“बरंय.”

संपलं! सव्वीस वर्षांचं बोलणं संपलं. पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयांसारखे दोघं अवघडून आपापल्या चपला बघत बसले. शेवटी खालच्यानं बोटानं वर दाखवलं. दादाचा चेहरा उजळला, आणि तो पुन्हा चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून गेला.

मग बोलले हो! पोटावर हात काय, कान ओढणं काय, ती साहेबाची चाल काय! म्हातारा काठीशिवाय डुलत होता आणि नात तोंडाला हात लावून बघत होती. मग दादानं वरून काहीतरी विचारलं. खालच्यानं तळवा छातीवर ठेवला. म्हणजे त्याचीही बायको गेली होती. दादानं हात खिडकीबाहेर काढला आणि तळवा सावकाश खाली दाबला. हळू.

मला बघवेना. चहा आणते म्हणून उठले ती फाटकाजवळच्या टपरीवर डोळे पुसत उभी राहिले. तीन पेले घेऊन परतले तर गवत रिकामं, आणि दादा जिना उतरत होता.

“गेला. बस होती त्यांची.”

“नाव विचारलंस ना?”

तो थांबला. आपल्या हाताकडे बघितलं.

“त्याची खूण नाही गं.”

मी चहा सांडत फाटकापर्यंत धावले. बस केव्हाच सुटलेली. परत येऊन त्याला वाट्टेल ते बोलले. तुझं चुकलं, माझं चुकलं, चहा कुठे पळून जात होता! त्यानं सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाई म्हणाल्या, “आजोबा, निदान तुमचं तरी नाव द्या.” मी सांगायला तोंड उघडलं, तर दादानं माझ्यासमोर मूठ धरली. थांब.

“लिहा,” तो म्हणाला, “वरचा, खालचा.”

तसंच कोरलंय. लोक वाचतात आणि हसतात.

दादा अजून दर रविवारी वर जातो. परवा मला राहवलं नाही. मी गवतावर त्या जागी जाऊन उभी राहिले, खालच्यासारखी मूठ वर केली, मग बोट फिरवलं. इतक्या वर्षांत एवढं तर शिकलेच होते. दादानं वरून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग हात बाहेर काढून बाजूला झटकला. सरक तिथून, ओझ्याखाली उभं राहू नये.

मी सरकले.