अकबर पतंगवाल्याचा ताबूत

अकबर पतंगवाल्याला हवेतलं सगळं कळतं, असं नाशकात म्हणत. आणि सगळ्यांच्या आधी ते अकबरच म्हणत असे. संक्रांतीला येवल्याचे शौकीन खास त्याच्याकडे पतंग न्यायला येत. गल्लीचा मोहरमचा ताबूतही कित्येक वर्षं त्याच्याच हातचा. सुतळीने आवळलेला बांबूचा तीन मजली सांगाडा, आणि त्यावर त्याच्या बायकोने, हमीदाने कातरलेली कागदाची जाळी. मिरवणुकीत ताबूत भरपूर डुलायचा, पण पडला कधीच नाही.

एकतीस साली मोहरम मे महिन्यात आला. त्याआधी अकबर मनमाडला गेला होता. तिथे कुणाकडे बेगडीचा चकचकीत ताबूत पाहिला आणि गड्याचं डोकंच फिरलं. घरी येऊन त्याने जाळीला मागून सगळीकडे बेगड चिकटवली.

हमीदा कंबरेवर हात ठेवून बघत होती. "अजी, भोकं बुजवली तर हवा जाणार कुठून?"

"हवेचं तू मला शिकवतेस?"

"मी कशाला शिकवू? दारातला निंब बघा. पानापानातून वारा जाऊ देतो, म्हणून इतक्या वादळांत उभा राहिला. तुम्ही तर भिंत बांधली."

अकबर मोठ्याने हसला. बायकोचं खरं असलं की तो असाच हसायचा.

दहाव्या दिवशी ताबूत उठला. पुढच्या दांड्याला शेजारचा खंडेराव दूधवाला होता. पोरगा मोठ्या दुखण्यातून उठला, तेव्हापासून तो दरवर्षी नवसाचा खांदा द्यायचा. नदीपर्यंत ताबूत जमिनीला टेकवायचा नाही, हा गल्लीचा रिवाज. गोदेच्या उतारावर पोचले आणि वळवाचा वारा सुटला. धुळीचा लोट आला, बेगड फुगली, ताबूत मागे कलला. खांदेकऱ्यांचे पाय घसरू लागले.

"अकबरभाई, लय ओढतंय!" खंडेराव ओरडला. "माझ्या खांद्यावरून पडला तर पोराला काय तोंड दाखवू?"

अकबर दांड्यावर पाय देऊन वर चढला आणि दोन्ही हातांनी बेगड ओरबाडू लागला. बेगडीबरोबर जाळीही टराटरा फाटली. त्याला रडू येत होतं, तरी हात थांबले नाहीत. वारा आरपार निघाला. बांबू करकरले, गाठी ताणल्या, ताबूत इकडे डुलला, तिकडे डुलला आणि सावरला.

उघड्याबोडक्या सांगाड्यापुढेही लोकांनी गोदाकाठी तसेच हात जोडले. खंडेराव खांदा चोळत हसत होता.

घरी हमीदा दारातच उभी होती. अकबरने मान खाली घातली. "तुझी जाळी फाडली मी."

"आणि ताबूत?"

"उभ्याने गेला."

"मग झालं तर. हात धुवा, जेवायला बसा."

अकबर जागचा हलला नाही. निंबाकडे बघत, हवेतलं सगळं कळणाऱ्या त्या माणसाने हळूच विचारलं, "पुढच्या साली भोकं केवढी ठेवायची?"