पुंजाजींचा बर्मा स्टार

"म्हणजे म्या मेडल इकून खाल्लं, असं म्हणून राह्यले का तुम्ही?"

पुंजाजी माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभे होते. प्रश्न खरं तर मला नव्हता, आत बसलेल्या कॅप्टनसाहेबांना होता. पण साहेबांचं दार बंद होतं आणि दारासमोर मी बसायचो. त्यामुळे जिल्ह्यातले बहुतेक प्रश्न आधी माझ्याच अंगावर यायचे.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. बुलढाण्याला माजी सैनिकांची कामं पाहणारं एक ऑफिस होतं आणि मी तिथं क्लार्क होतो. कुणाची पेन्शन अडली, कुणाचे कागद हरवले, की माणूस आमच्याकडे यायचा. आम्ही त्याचा अर्ज लिहून रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचो. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे पलटणीतल्या प्रत्येक माणसाची कुंडली सांभाळणारी कचेरी. ती नेहमी लांब असते आणि तिचं उत्तर नेहमी उशिरा येतं.

पुंजाजी चिखलीपलीकडच्या एका खेड्याचे, माजी लान्स नाईक. उंचेपुरे, मिशा अजून फौजेतल्याच. त्यांची तक्रार अशी, की दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात लढले, पण बर्मा स्टार त्यांना मिळालाच नाही. हा स्टार म्हणजे सहा टोकांची पितळी रंगाची चांदणी. वर रिबीन ओवायला कडी. त्या आघाडीवर लढलेल्यांनाच ती मिळायची. पुंजाजींच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या पुस्तकात, तिची नोंदच नव्हती.

इतकी वर्षं त्यांचं काही अडलं नव्हतं. अडलं ते सव्वीस जानेवारीला. गावच्या हेडमास्तरांनी माजी सैनिकांचा सत्कार ठेवला आणि प्रत्येकाचं पुस्तक माइकवर वाचून दाखवलं. पुंजाजींचं वाचताना मास्तर थांबले. म्हणाले, "यात ब्रह्मदेश कुठंच नाही हो!" पारावर वर्षानुवर्षं बर्माचे किस्से ऐकलेलं गाव खो खो हसलं. तेव्हापासून पोरंसोरंसुद्धा विचारायची, "पुंजाजीबुवा, बर्मा मलकापूरच्या अलीकडं हाये का पलीकडं?" पुंजाजींनी पारावर जाणं सोडलं.

मी अर्ज केला होता. आता उत्तर आलं होतं. युद्धातली मेडलं युद्ध संपल्यावर बनली आणि घरपोच पाठवली गेली. पुंजाजींचं पुस्तक त्याआधीच लिहून झालेलं, म्हणून नोंद नाही. पण मेडल रवाना झालं होतं आणि पोचही आली होती, अंगठ्याची. मेडल ऑफिसात दाखवा, नोंद करून देतो. दुसरं मिळणार नाही. हे मी वाचून दाखवलं तसे पुंजाजी भडकले होते.

कॅप्टनसाहेब पुण्याकडचे. शिस्तीचे आणि थोडे तापट. त्यांनी मला आत बोलावलं.

"मुळे, क्लिअर केस आहे. यानं मेडल विकलं. आता गाव हसतंय म्हणून दुसरं हवंय."

"सर, अंगठा आहे. पुंजाजी तर सही करतात."

"मग घरच्या कुणी तरी विकलं. वडील आहेत ना? विचारलंय त्यांना?"

दार उघडंच राहिलं होतं. बाहेरून पुंजाजी म्हणाले, "ईचारलं नं साहेब. बा म्हणते मेडल-फिडल काई आलंच नाही. माहा बाप खोटं नाही बोलत."

"रेकॉर्ड ऑफिसपण खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले. "मुळे, जाऊन चौकशी करा. मेडल प्रोड्यूस करा, नाही तर फाइल क्लोज."

जिना उतरताना पुंजाजी मला म्हणाले, "बाबूसाहेब, गाव म्हणे मी लबाड. आता सरकारबी म्हणून राह्यलं." मला फार वाईट वाटलं. माणूस खोटं बोलत नव्हता हे मला दिसत होतं. अडचण इतकीच, की कागदही खोटं बोलत नव्हता.

एसटीनं चिखली आणि पुढं बैलगाडीनं मी त्या गावी पोचलो, तो नेमका पोळ्याचा आदला दिवस. आमच्याकडे त्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून सुजलेले बैलाचे खांदे तूप-हळद लावून शेकतात आणि त्याच्या कानात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. माणसाला पाहायला कुणाला फुरसत नसते. मी ओसरीवर चहाची वाट बघत बसलो. पुंजाजींचे वडील सोनाजी अंगणात एका पांढऱ्या बैलाचा खांदा चोळत होते.

"आजोबा, पुंजाजींचं मेडल आलं होतं का पोस्टानं?"

"नाही बाप्पा," सोनाजीबुवा बैलाकडेच बघत म्हणाले. "किती डाव सांगू? मेडल आलं नाही."

चौकशी संपली होती. मी कागद काढून जबाब लिहायला घेतला. तेवढ्यात पुंजाजींनी बैलाच्या साजाचं गाठोडं आणून ओसरीवर ओतलं. घुंगरमाळा, गोंडे, झूल, कवड्यांच्या माळा आणि कपाळावर बांधायचा एक रुंद पट्टा. पट्ट्याच्या मधोमध शेंदराचा एक मोठा गोळा होता. वर्षावर वर्षं शेंदूर-तेल चढून त्याचा पेढा झालेला. पण त्या पेढ्यातून टोकं डोकावत होती. मी मोजली. सहा.

असल्या चांदण्या मी ऑफिसात रोज बघायचो.

"पुंजाजी, हे काय आहे?"

"बैलाची चांदणी. लय जुनी हाये. मीच तं बांधतो दर पोळ्याले."

"जरा चिंच आणता?"

मी चिंच लावून पट्ट्यावर रगडायला लागलो तसे सोनाजीबुवा तरातरा आले. "हात नोको लावू साहेब! बैलाची हाये ते!"

"आजोबा, ही आली कुठून?"

"पुंजानं धाडली."

पुंजाजी चमकले. "मी? मी कवा धाडली बा?"

"काऊन, इसरला का बे? फौजीतून सुटून तू खामगावले जिनिंगवर चौकीदार होता. म्हणला नव्हता का, पोळ्याले बैलासाठी काहीतरी धाडतो? मंग पोस्टमन आला. डबी देली. म्या अंगठा देल्ला. आत हे चांदणी! वर बांधाले कडी, संगं रंगीत फीत. बैलाच्याच मापाची."

पुंजाजींना ते वचन आठवलं. त्यांनी ते पाळलं मात्र नव्हतं. पगारात बाकीचेच खर्च निघेनात, बैलाचं राहून गेलं. ते घरी आले तेव्हा चांदणी पट्ट्यात शिवून, शेंदूर फासून तयार होती. त्यांना वाटलं बापानं बाजारातून घेतली. बापाला वाटलं पोरानं धाडली. पुढं कुणी विषय काढला नाही, कारण दोघांच्याही मते सगळं यथास्थित होतं. आणि 'मेडल आलं का' म्हणून विचारल्यावर सोनाजीबुवा नाही म्हणत होते. मेडल खरंच आलं नव्हतं. बैलाचा दागिना आला होता.

शेंदूर सुटला. खाली मुकुट दिसला, अक्षरं दिसली. मी वाचून दाखवलं. पुंजाजींनी पट्टा माझ्या हातातून घेतला.

"बा, हे माह्या छातीवर लावाची वस्तू. तू बैलाले बांधली?"

सोनाजीबुवांना राग आला. "मंग काय करतो? पोरगा लढाईतून जित्ता आला. त्यानं धाडलेली वस्तू घरातली सगळ्यात चांगली. बैलाच्या कपाळाले नाही बांधाची, तं कोठं बांधाची?"

पुंजाजी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून म्हणाले, "बराबर केलं बा." मी उगाच पांढऱ्या बैलाकडे बघत बसलो.

मी म्हटलं, "आता हे मी घेऊन जातो, साहेबांना दाखवतो."

"उद्या पोळा हाये," सोनाजीबुवा म्हणाले. "बैल बोडक्या कपाळानं नाही जाणार."

या उत्तरापुढे कॅप्टनसाहेबांची ऑर्डर चालली नाही. मी मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी गावचे बैल तोरणाखाली उभे राहिले. पांढऱ्याच्या कपाळावर चांदणी लखलखत होती. हेडमास्तर जवळून चालले होते. थबकले, चष्मा सारखा केला आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "द बर्मा स्टार."

तोरणाखालचा गलबला थांबला. हेडमास्तरांनी पुंजाजींकडे पाहिलं, मग हात जोडले. "पुंजाजी, माझी चूक झाली."

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे बर्माले बैल गेलता का बे?"

सगळ्यात मोठ्यानं हसले ते पुंजाजी. त्या संध्याकाळी ते पारावर जाऊन बसले आणि सगळे किस्से पहिल्यापासून सुरू झाले.

पोळ्यानंतर ते मेडल घेऊन ऑफिसात आले. साहेबांनी ते नाकाजवळ नेलं. "मुळे, याला तेलाचा वास का येतोय?"

"सर, फील्ड सर्व्हिस."

मी सगळा प्रकार सांगितला. साहेब हसले नाहीत. उठून त्यांनी पुंजाजींशी हात मिळवला आणि 'मेडल पाहिलं, खरं आहे' असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. दिवाळीनंतर डिस्चार्ज बुक नोंद होऊन परत आलं. रेकॉर्ड ऑफिसचं बरोबर होतं, पुंजाजींचं बरोबर होतं, सोनाजीबुवांचंही बरोबर होतं. चुकला होता तो आमचा प्रश्न. पुढे नोकरी संपेपर्यंत मी कुणाला 'मेडल आलं का' असं विचारलं नाही. 'पोस्टानं काय काय आलं आणि ते आता कुठं आहे' असं विचारायचो आणि जमल्यास गोठ्यात चक्कर मारायचो.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मला त्या गावाचं बोलावणं आलं. पुंजाजी कोट घालून, छातीवर मेडल लावून झेंड्याखाली ताठ उभे होते. बर्मा स्टारच्या खाचांत शेंदूर अजून लाल दिसत होता. हेडमास्तरांनी पुस्तक वाचलं, ब्रह्मदेशाशी आले आणि टाळ्या पडल्या.

सोनाजीबुवा माझ्या शेजारी उभे होते. पलीकडच्या म्हाताऱ्यानं पोराची चांदणी झकास दिसते म्हटल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"बैलाची हाये," ते म्हणाले. "आजच्यापुरती देल्ली त्याले."