राखलेलं मैदान

“बॉल माझा नसतोच आबा, मी तो फक्त पुढं देते,” असं प्रांजल एकदा फोनवर म्हणाली होती.

तिच्या बापाला, गेणू ढेबेला, ते काही पटलं नव्हतं. त्यानं पानशेतला पप्पूच्या हॉटेलात बसून मोबाईलवर तिची मॅच बघितली होती. पोर रोमानियात, डोंगरातल्या कुठल्याशा गावात पगार घेऊन बास्केटबॉल खेळते, एवढं त्याला ठाऊक होतं. पण डोळे ताणताणून बघितलं तरी तिनं एकदाही बॉल जाळीत टाकला नाही. हातात आला की पळत पुढं न्यायचा आणि ऐन वेळी दुसऱ्याच पोरीला देऊन टाकायचा. टाळ्या पडायच्या त्या दुसरीला.

“गेणूबा, तुमची पोर फॉरेनला जाऊन वाढप्याचं काम करती की,” पप्पू कपबशा विसळत म्हणाला. “समदी पंगत जेवून उठली, हिचं ताट कोरडंच.”

गेणूला ते लागलं. म्हणून फोन केला, तर पोरगी हसली. तिच्या जागेला पॉइंट गार्ड म्हणतात म्हणाली. खेळ चालवायचा, मोकळं कोण आहे ते हेरायचं आणि बॉल त्याच्या हातात पोचवायचा. गेणूनं ऐकून घेतलं. पण विमानानं इतक्या लांब नेऊन लोक पोरीकडून हेच करून घेतात, याचं कोडं त्याला सुटलं नाही.

पानशेतच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्याचा धनगरवाडा. चार घरं, गाई, शेरडं आणि वर्षातले चार महिने धुकं. प्रांजल भोरला वसतिगृहात राहून शिकली. तिथं खेळाच्या सरोज मॅडमनी या बेताच्या उंचीच्या पोरीच्या हातात बॉल दिला आणि महिन्याभरात गेणूला बोलावून घेतलं. “ढेबे, ही बॉलकडं बघतच नाही, माणसांकडं बघते,” मॅडम कौतुकानं म्हणाल्या. गेणूला त्यात नवल वाटलं नाही. गुरं राखणारा पुढ्यातल्या गाईकडं थोडाच बघतो. जी बिथरून रानात शिरणार, तिच्यावर त्याचा डोळा असतो.

पुढं पुणं झालं, मग पोर्तुगाल, मग रोमानिया. गेणूच्या लेखी पुण्याच्या पलीकडचं सगळं फॉरेन. पोरगी धुकं, डोंगर आणि गुरं सोडून निघाली आणि धुकं, डोंगर आणि गुरं असलेल्या गावात जाऊन पोचली. तिथला एक फोटो तिनं पाठवला, एका गाईशेजारी उभी राहून काढलेला. गेणूनं तो बराच वेळ निरखला. “गाय झ्याक हाय,” तो बायकोला, कमळाबाईला म्हणाला. “कास बग कशी भरलीय.” कमळाबाईनं मोबाईल हिसकून घेतला. “पोर वाळलीय, ती दिसंना व्हय तुमाला?”

दर मे महिन्यात प्रांजल घरी यायची आणि दर मे महिन्यात गाव तिचा सत्कार करायचं. शाली इतक्या जमल्या, की गेणू पावसाळ्यात त्या वासरांच्या पाठीवर टाकायचा. नारळ खाऊन संपायचे, शेंड्या उरायच्या. प्रत्येक सत्कारात प्रांजल एवढंच मागायची: शाळेजवळ सिमेंटचं एक मैदान आणि दोन रिंगा, पोरींना खेळायला. सरपंच आनंदराव दर वेळी माईकवरून म्हणायचे, “झालंच म्हणून समजा.” शेवटी तिनंच पैसे पाठवले आणि मैदान खरोखर झालं. दर्शनी पाटीवर तिचं नाव घातलं, त्याच्या वर आनंदरावांचं.

काम निघालं तेव्हा ती फोनवर बोलली होती, “आबा, गुडघा आता साथ देत न्हाई. मैदान झालं की मी येते. हितंच पोरींना शिकवीन.”

गेणूनं तिची पुष्कळ बोलणी या कानानं ऐकून त्या कानानं सोडली होती. हे एक मात्र त्यानं जपून ठेवलं. मैदान झालं की पोर येणार. म्हणजे मैदान नीट राहायला हवं.

पहिल्याच दिवशी शाळेच्या पोरी तांबड्या मातीचे पाय घेऊन आत शिरल्या. आनंदराव रस्त्यानं चालले होते. थांबून म्हणाले, “गेणूबा, उद्घाटन न्हाई झालं अजून. आन तुमच्या लेकीचं नाव हाय त्यावर. डाग पडता कामा न्हये.”

गेणूनं त्याच संध्याकाळी करवंदीच्या काट्या तोडून आणल्या आणि चारी बाजूंनी कुंपण घातलं. फाटकाला कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला बांधली. पावसाळ्यात सिमेंटवर शेवाळ धरलं, तेव्हा डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन सत्काराच्या नारळांच्या शेंड्यांनी ते घासून काढलं. जाळ्या भिजून कुजतील म्हणून सोडवून ट्रंकेत ठेवल्या. बाया येता-जाता चपला काढून फाटकाच्या खांबाला हळदकुंकू लावू लागल्या, तेव्हा त्याला फार बरं वाटलं. पोरी अधूनमधून कुंपणाशी येत आणि तो गुरांवर टाकतो तशी त्यांच्यावर हाळी टाकी.

“आबा, मैदान कसंय?” प्रांजल फोनवर विचारायची.

“लई निगुतीनं ठिवलंय,” तो सांगायचा आणि ते खरंच होतं.

यंदा मे महिन्यात उद्घाटन ठरलं. रोमानियाच्या लोकांनी तिला आणखी एका वर्षासाठी विचारलं होतं. तिनं अजून कळवलं नव्हतं. आधी मैदान बघते म्हणाली. विमानतळावरून ती गाडी करून थेट तिथंच आली. बॅग फाटकाशी टेकवली आणि कुंपणाबाहेर उभ्या पोरींना बघून बॉल काढला. तिथंच, तांबड्या मातीत, तिनं बॉल पोरींकडं फेकला. त्यांनी तो एकमेकींत खेळवून परत दिला. मग ती गेणूकडं वळली.

“रोज किती पोरी येतात आबा?”

“एक पन आत यिऊ दिली न्हाई,” गेणू छाती काढून म्हणाला. “वरीसभर. इचार कुनालाबी.”

प्रांजलनं फाटकाला लोंबणारं कुलूप हातात घेऊन बघितलं. “आता उघडं ठेवाल ना?”

“आता तर उद्घाटन व्हनार. आता जास्तच जपाया लागंल.” आणि धीर देत तो म्हणाला, “झेंड्याला उघडू की. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट.”

आत माणसं सतरंजीवर बसली होती, चपला बाहेर काढून. प्रांजलनंही बूट काढले. रिंगेला झेंडूचं तोरण होतं आणि रिंगेच्या बरोबर मध्ये लाल फडक्यात बांधलेला नारळ लोंबत होता. गेणूनं तो स्वतः शिडी लावून बांधला होता, गाठीवर गाठ मारून. शाल झाली, नारळ झाला, आनंदरावांचं भाषण झालं. मग ते म्हणाले, “आता ताईंनी एक बॉल टाकून मैदानाचं उद्घाटन करावं.”

मोबाईल वर झाले. गेणू पुढं सरकून उभा राहिला. पोर इतकी वर्षं दुसऱ्याला देत आली, आज स्वतः टाकणार होती. पप्पू आला आहे ना, हे त्यानं मान वळवून बघितलं.

प्रांजलनं वर नारळाकडं नजर टाकली. मग सवयीनं बॉल दोनदा आपटला.

सकाळीच धुतलेल्या सिमेंटवर बॉलची तांबडी माती उठली, भाकरीएवढे दोन गोल डाग. कुणी काही बोलायच्या आत गेणू खाली बसला, खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि ते पुसू लागला. एक पुसून झाला. दुसरा पुसताना समोर तिची अनवाणी पावलं दिसली, म्हणून त्यानं वर बघितलं.

ती त्याच्याकडंच बघत होती. रागानं नव्हे. मॅचमध्ये बघायची तसं, कोण मोकळं आहे ते हेरत.

“टाक की, पोरी,” तो म्हणाला.

तिनं बॉल त्याच्याकडं दिला. हळू, बरोबर छातीशी येईल असा. त्यानं तो दोन्ही हातांनी, नुकतं जन्मलेलं करडू धरावं तसा धरला आणि आता याचं काय करायचं ते न कळून तसाच बसून राहिला. प्रांजल सतरंजीच्या कडेकडेनं फाटकापर्यंत गेली. तिथं वाकून तिनं बूट चढवले, नाड्या बांधल्या, बॅग उचलली आणि बाहेर पडून परत पुण्याच्या रस्त्याला लागली.